फ्रेंच क्रियापदांचे सिलॅबल चुकतात, आघात घसरतो : पुन्हा पुन्हा तेच का होतं आणि काय करायचं

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. क्रियापदांचे तक्ते पाठ आहेत, वहीत सगळी रूपं बरोबर लिहिता येतात, पण मोठ्यानं वाचायला घेतलं की गाडी अडते. 'ते बोलतात' म्हणायचं असतं आणि तोंडातून 'इल पार्लाँ' बाहेर पडतं. श्रुतलेखनात 'आम्ही विकत घेतो' ऐकलं की मधल्या ई (e) या अक्षरावर तिरकी रेघ द्यायची की नाही ते कळत नाही. 'हाक मारणे' या क्रियापदात कुठल्या रूपाला एक एल आणि कुठल्या रूपाला दोन, हे परीक्षेच्या आदल्या रात्री घोकायचं आणि सुट्टीनंतर पुन्हा विसरायचं. शिवाय कुणी फ्रेंच माणूस ऐकतो तेव्हा म्हणतो की शब्द बरोबर आहेत, पण काही केल्या फ्रेंच वाटत नाही.

मी पुण्यात शाळेतल्या मुलांना आणि डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेला बसणाऱ्या मोठ्या माणसांना फ्रेंच शिकवते. या तक्रारी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या लोकांकडून येतात, म्हणून त्यांवर उपायही वेगवेगळे सांगितले जातात. पण मुळात हा एकच दोष आहे. आपण सिलॅबल, म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा, डोळ्यांनी मोजतो आणि फ्रेंच क्रियापद कानांनी चालतं. ते सुधारलं की आघात, म्हणजे बोलताना एखाद्या सिलॅबलवर पडणारं वजन, जागेवर येतो, आणि आघात जागेवर आला की त्या तिरक्या रेघा आणि जोड-अक्षरं (तेच अक्षर लागोपाठ दोनदा) यांचा हिशोब आपोआप लागतो.

खाली उच्चार देवनागरीत लिहिले आहेत. मधली आडवी रेघ म्हणजे सिलॅबलची हद्द. अनुस्वार किंवा चंद्रबिंदू म्हणजे फक्त नाकातला स्वर, त्यात न किंवा म ऐकू येता कामा नये. आणि हलन्त दिसला तर तो मनापासून पाळा. 'पार्ल' असं साधं लिहिलं तर मराठी माणूस ते 'धर्म'सारखं वाचतो आणि शेवटी बारीकसा अ लावतो. तिथेच एका सिलॅबलचे दोन होतात. म्हणून 'पार्ल्'.

आधी मोजणी तपासा

'बोलणे', म्हणजे 'पारले', हे क्रियापद घ्या. वर्तमानकाळात कागदावर त्याची सहा रूपं दिसतात. मी, तू, तो आणि ते या चार रूपांच्या शेपट्या तीन तऱ्हांनी लिहिल्या जातात, पण चौघांचा उच्चार एकच आहे: पार्ल्. एक सिलॅबल. आम्हीचं रूप पार-लों, तुम्हीचं पार-ले. म्हणजे सहा रूपांत कानाला तीनच आवाज.

'ते'च्या रूपाला शेवटी ई-एन-टी अशी तीन अक्षरं असतात आणि ती पूर्ण मुकी असतात. नामाच्या किंवा विशेषणाच्या शेवटी हीच तीन अक्षरं आली की नाकातला 'आँ' होतात. फ्रेंच शिकवणारे एक जुनं वाक्य यासाठी वापरतात: मठातल्या कोंबड्या अंडी उबवताहेत. फ्रेंचमध्ये 'मठ' आणि 'उबवतात' यांचं लेखन अक्षरशः सारखं आहे. उच्चार मात्र 'ले पूल द्यु कूवाँ कूव'. मठाचे दोन सिलॅबल, उबवण्याचा एक.

पण 'क्रियापदाचा ई-एन-टी मुका' एवढंच पाठ केलंत तर पुढच्याच पानावर फसाल. 'तो खोटं बोलतो' हे रूपसुद्धा ई-एन-टीनं संपतं आणि त्याचा उच्चार 'माँ' असा खणखणीत आहे. 'त्याला जाणवतं'चं 'साँ' आणि 'तो येतो'चं 'व्यँ' तसंच. इथे ती अक्षरं धातूच्या अंगातली आहेत, अनेकवचनाची शेपटी नाहीत. म्हणून आधी कर्ता बघा. कर्ता अनेकवचनी असेल तरच शेपटी मुकी. भूतकाळातली ए-आय-ई-एन-टी ही पाच अक्षरांची शेपटीही अशीच फसवते. 'ते बोलत होते' म्हणजे फक्त पार-ले, दोनच सिलॅबल. त्या पाच अक्षरांचा मिळून एक स्वर.

गोंधळाचं आणखी एक कारण असं की फ्रेंचमध्ये सिलॅबल पाडायच्या दोन पद्धती आहेत आणि पुस्तकं त्या स्पष्ट वेगळ्या करत नाहीत. ओळीच्या शेवटी शब्द तोडण्यासाठी जी लेखी विभागणी असते, तिच्यात मूक ई, म्हणजे लिहिला जाणारा पण बहुधा न बोलला जाणारा ई, सुद्धा मोजला जातो आणि जोड-अक्षरं मधोमध फोडली जातात. त्या हिशोबानं 'आम्ही हाक मारतो'चे तीन तुकडे होतात. बोलताना ते आ-प्लों आहे, दोन. परीक्षेत लेखी विभागणी विचारली असेल तर पहिला हिशोब लावा. बोलणं, श्रुतलेखन आणि आघात यांसाठी फक्त दुसरा.

हद्द कुठे पडते

दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जातं. हे मराठी जिभेला शिकवावं लागत नाही. दोन व्यंजनं आली की अडचण येते, आणि तिथे दोष आपल्या लिपीत आहे. आपण 'पार्लों' लिहितो. रफार 'लों'च्या डोक्यावर बसतो, म्हणून डोळा 'पा' आणि 'र्लों' असे तुकडे करतो. कान मात्र 'पार' आणि 'लों' असंच ऐकतो. वहीत उच्चार देवनागरीत लिहून ठेवायची सवय असेल, आणि ती बहुतेकांना असते, तर तो रफार सोडवून लिहा: पार-लों, फेर-मों, शेर-शों. हेच 'आम्ही राहतो'च्या रेस-तों ला.

याउलट 'आम्ही आत जातो' हे आँ-त्रों आहे. इथे त्र फोडायचा नाही. 'दाखवतो' म्हणजे मों-त्रों. एक खूण लक्षात ठेवा, ती मी गेली काही वर्षं फळ्यावर लिहिते आणि तिचा उपयोग होतो: र डोक्यावर असेल तर तोडा, र पायाशी असेल तर जोडूनच ठेवा. प, ब, त, द, क, ग, फ, व यांच्या मागून र आला की जोडी अखंड. त आणि द सोडले तर याच व्यंजनांमागे ल आला तरी बहुतेक तसंच, म्हणून आ-प्लों.

स्वरानं सुरू होणाऱ्या क्रियापदांत ही हद्द शब्दाच्याही बाहेर सरकते. 'तो प्रेम करतो' हे इल-एम नाही, इ-लेम आहे. कर्त्याचा ल क्रियापदात जाऊन बसला. 'ते प्रेम करतात' म्हणजे इल-जेम, त्यातला ज 'जाळ'मधला. एकवचन की अनेकवचन हे सांगणारी एकमेव गोष्ट म्हणजे तो ज. 'त्यांच्याकडे आहे' इल-जों आणि 'ते आहेत' इल-सों यांतला फरकही एवढाच, आणि तो चुकला तर अर्थच बदलतो.

आघात: आपटू नका, लांबवा

फ्रेंचमध्ये आघात शेवटच्या जिवंत सिलॅबलवर पडतो. जिवंत म्हणजे ज्यात मूक ई सोडून दुसरा स्वर आहे असा. पार्ल् मध्ये तो पार वर, पार-लों मध्ये लों वर, पार-ल-रों मध्ये रों वर. शेपटी वाढली की आघात तिच्याबरोबर पुढे सरकतो.

पुस्तकात इतपत असतं. बहुतेकांच्या हातून पुढची गोष्ट निसटते. आघात शब्दाचा नसतो, शब्दसमूहाचा असतो. 'इल पार्ल्' म्हटलं तर पार वर आघात आहे. 'इल पार्ल् फ्राँ-से' म्हटलं की पार वरचा आघात जातो आणि सगळा 'से' वर येतो. क्रियापद वाक्याच्या मध्यभागी आलं की ते सपाट होतं. विद्यार्थी तक्त्यातून क्रियापद सुटं शिकतात आणि वाक्यातही त्याला सुट्यासारखाच जोर देतात. फ्रेंच कानाला ते खडबडीत वाटतं ते यामुळे.

दुसरी चूक जोराच्या जातीची. शाळेतल्या इंग्रजीनं आपल्याला शिकवलं की आघात म्हणजे आवाज मोठा करायचा आणि बाकीचे स्वर गिळायचे. फ्रेंच आघात हा मुख्यतः लांबी आहे. आधीचे सिलॅबल एकसारखे, एका मापाचे, आणि शेवटचा थोडा रेंगाळलेला. आपलं साधं मराठी बोलणं या बाबतीत इंग्रजीपेक्षा फ्रेंचच्या बरंच जवळ आहे, म्हणून इंग्रजी वळण बाजूला ठेवलं की निम्मं काम होतं. मेजावर बोटानं एकसारखे ठोके द्या आणि शेवटच्या ठोक्याला बोट उचलू नका, तसंच टेकवून ठेवा. पंधरा मिनिटांत फरक ऐकू येतो.

प्रश्नार्थक आणि आज्ञार्थी रूपांत आघात हलतो. 'वू पार-ले' मध्ये तो ले वर आहे. उलटं करून 'पार-ले-वू' विचारलं की वू वर गेला. आणि एक सुंदर अपवाद. 'मी ते देते' या वाक्यात 'ते'च्या ल मधला स्वर जवळजवळ गिळला जातो: जल्-दॉन. पण 'दे ते!' अशी आज्ञा केली की तोच मुका, कुणाच्या खिजगणतीत नसलेला ल वाक्याच्या शेवटी येतो आणि सगळा आघात त्याच्यावर पडतो: दॉन-लं. आपल्या बोलीतल्या 'केलं', 'गेलं'मधल्या शेवटच्या 'लं'च्या जवळचा आवाज, फक्त ओठ गोल; इथला अनुस्वार नाकातला नाही. हा 'लं' कुजबुजल्यासारखा म्हणू नका, त्याला पूर्ण लांबी द्या.

रेघ आणि जोड-अक्षर

आता त्या श्रुतलेखनाकडे येते. माझ्याकडे नववीतली एक मुलगी होती. अतिशय मेहनती. 'विकत घेणे' या क्रियापदाचा तक्ता तिनं वीस वेळा लिहिला होता, आणि एकविसाव्या वेळी 'आम्ही'च्या रूपावर रेघ दिली आणि 'मी'च्या रूपावरची विसरली. मी तिला वही मिटायला लावली आणि मराठीत म्हणायला सांगितलं: अडक. मग अडकून.

तुम्हीही म्हणून बघा. 'अडक' म्हणजे अ-डक. ड मधला अ स्पष्ट ऐकू येतो. 'अडकून' म्हटलं की तो अ नाहीसा होतो: अड-कून. लिहिताना ड तोच, बोलताना त्याचा स्वर गेला, कारण मागून 'ऊन' आलं आणि वजन तिकडे सरकलं. 'विसर', विसरून. 'उतर', उतरून. हे आपण जन्मापासून करतो आणि कधी चुकत नाही.

फ्रेंचमध्ये हुबेहूब तेच होतं. 'मी विकत घेते' म्हणजे आ-शेत. शेपटी मुकी आहे, म्हणून आघात शे वर. आघाताच्या जागी मुका ई उभा राहू शकत नाही, त्याला पूर्ण स्वर व्हावंच लागतं, आणि ते दाखवण्यासाठी त्यावर आक्सां ग्राव, म्हणजे उजवीकडे उतरणारी रेघ, येतो. 'आम्ही विकत घेतो' म्हणजे आश-तों. आघात तों वर गेला, मधल्या ई चा जीव गेला, रेघेचं कारणच उरलं नाही. आ-शेत आणि अ-डक. आश-तों आणि अड-कून. ती मुलगी एकदम म्हणाली, 'मग रेघ म्हणजे इथे स्वर ऐकू येतो एवढंच?' हो, एवढंच.

'हाक मारणे' आणि 'फेकणे' या दोन क्रियापदांत तीच गोष्ट रेघेऐवजी जोड-अक्षरानं दाखवतात. आ-पेल मध्ये स्वर ऐकू येतो, म्हणून दोन एल. आ-प्लों मध्ये येत नाही, म्हणून एक. ऐकू येणारा ल मात्र दोन्हीकडे एकच आहे, तो जोरात दाबायचा नाही. भविष्यकाळातही आ-पेल-रे मध्ये पे चा स्वर ऐकू येतो, म्हणून तिथेही दोन.

आक्सां एग्यू, म्हणजे उजवीकडे चढणारी रेघ, असलेल्या क्रियापदांचं थोडं वेगळं आहे. 'जास्त पसंत करणे' घ्या: प्रे-फे-रों आणि प्रे-फेर. पहिल्यात फे उघडा राहतो, म्हणजे मागून व्यंजन येऊन तो बंद होत नाही, म्हणून रेघ उजवीकडे चढणारी. दुसऱ्यात फेर असा दरवाजा र नं बंद झाला, स्वर थोडा 'ॲ'कडे पसरला, रेघ उलटी झाली. अशा क्रियापदांच्या भविष्यकाळात जुन्या लेखनात चढणारी रेघ असे, जरी बोलताना सिलॅबल बंदच व्हायचा. 6 डिसेंबर 1990 रोजी फ्रान्सच्या राजपत्रात लेखनदुरुस्तीच्या शिफारशी प्रसिद्ध झाल्या, त्यांत ही विसंगती काढून तिथे आक्सां ग्राव सुचवला गेला. दोन्ही लेखनं चालतात. त्यामुळे दोन पुस्तकांत दोन रूपं दिसली तर घाबरू नका. मी स्वतः नवीन रूप शिकवते, कारण ते कानाला धरून आहे.

ज्यांना आपण अनियमित म्हणतो त्यांपैकी बऱ्याच क्रियापदांच्या मुळाशीही हाच आघात आहे, फक्त ती हालचाल लॅटिनच्या काळात झाली. 'तो येतो'साठी लॅटिन शब्दात आघात पहिल्या सिलॅबलवर होता, वे-नित. आघाताखालचा स्वर फुटून पसरला आणि आजचा व्यँ झाला. 'आम्ही येतो'मध्ये आघात पुढे, वे-नी-मुस, म्हणून मूळ स्वर बारीक राहिला: व-नों. 'पिणे'मध्ये ब्वा पण ब्यु-वों. म्हणून तक्त्यात आम्ही आणि तुम्ही नेहमी वेगळे पडतात आणि बाकीचे चार एकमेकांसारखे दिसतात. मराठीत 'मूल' पण 'मुलाला', 'पूल' पण 'पुलावर'. शेवटी असताना लांब, मागून काही आलं की आखूड. 'गूळ' आणि 'गुळाचा' लिहिताना ज्यानं ऱ्हस्व-दीर्घाचा विचार केलाय, त्याला ही क्रियापदं परकी वाटायचं कारण नाही.

'प्रेम करणे' या क्रियापदातही पूर्वी असेच दोन स्वर होते. आम्हीचं रूप ए नं नव्हे, आ नं सुरू व्हायचं. पुढे लोकांनी सगळी रूपं सारखी करून टाकली. जुना आ 'प्रियकर' या अर्थाच्या आ-माँ शब्दात अजून शिल्लक आहे.

मूक ई कधी जातो, कधी राहतो

इथे शंका सर्वांत जास्त येतात. 'आम्ही देऊ' म्हणजे दॉन-रों, मधला ई गळाला. मग 'आम्ही बोलू' म्हणजे पार्ल्-रों का नाही? कारण र, ल, र अशी तीन व्यंजनं एकमेकांवर आदळतील. मोरिस ग्रामों या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानं हे तत्त्व मांडलं, त्याला तीन व्यंजनांचा नियम म्हणतात. ई गळाल्यानं तीन व्यंजनं एकत्र येत असतील तर बहुधा तो राहतो: पार-ल-रों. नियम पोलादी नाही, पण शिकणाऱ्यासाठी पुरेसा भरवशाचा आहे.

यातला सर्वांत नाजूक भाग म्हणजे 'आम्ही दिलं असतं' या जातीची रूपं. दॉन-रों मध्ये ई गेला होता. तिथे र च्या मागे य आला की तो परत येतो: दॉ-न-ऱ्यों. 'आम्ही हाक मारतो' आ-प्लों, पण 'आम्ही हाक मारत होतो' आ-प-ल्यों, तीन सिलॅबल. र किंवा ल आणि त्यामागे य अशी जोडी असली की आधीचा ई जिवंत राहतो.

इथे मराठी लिपी फार मोठी मदत करते. 'दॉनर्यों' असं रफार देऊन लिहिलंत तर र मागच्या सिलॅबलला चिकटेल आणि उच्चार बिघडेल. 'ऱ्यों' लिहा. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतला फरक तुम्हाला ठाऊक आहे: एक गुरुजींना, दुसरा स्वयंपाक्याला. रफारात र मागे आपटतो, ऱ्य मध्ये तो पुढच्या स्वरावर अलगद बसतो. फ्रेंचला हवा आहे तो स्वयंपाक्याचा.

य च्या आधी अखंड जोडी असेल तर मात्र य सुटा राहत नाही, त्याच्याआधी इ येतो. 'बोलत होतो' पार-ल्यों, दोन. पण 'विसरतो' ऊ-ब्लि-यों, 'ओरडतो' क्रि-यों, 'आम्हाला हवं होतं' वू-द्रि-यों. 'वू-द्र्यों' म्हणून बघा, जीभच सांगेल.

'अभ्यास करणे'सारख्या धातूंच्या भविष्यकाळात आर च्या आधीचा ई अजिबात ऐकू येत नाही, पण लिहावा लागतो. श्रुतलेखनात तो हमखास गळतो. तिथे कान मदत करणार नाही, धातूचं मूळ रूप आठवून लिहा.

शेवटी एक सूचना, विशेषतः जे ऐकून सराव करतात त्यांना. वर सांगितलेली मोजणी पॅरिसकडच्या रोजच्या बोलण्याची आहे. दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेय किंवा तुलूझकडची जुन्या वळणाची बोली ऐकलीत तर मूक ई बऱ्यापैकी बोलका असतो आणि 'पार्ल्'चे चक्क दोन सिलॅबल होतात, 'पार-ल'. अभिजात कवितेत आणि गाण्यांतही पुढे व्यंजन असेल तर तो ई मोजला जातो. ते ऐकून आपली मोजणी चुकली असं समजू नका. अशा वेळी आघाताकडे लक्ष द्या: तो मागचा 'ल' कितीही स्पष्ट आला, तरी लांबी 'पार'वरच असते.